बाटली फिरवून मागचं लेबल वाचा

मे महिन्यात संध्याकाळी नॅशनल पार्कपासून दहिसर चेकनाक्यापर्यंत बाईक काढायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबत-सोडत रांगायचं. वारा लागत नाही. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू झाला की बंद व्हायचं नाव घेत नाही, गरम झोत थेट पोटऱ्यांवर येतो आणि मीटरवरची तापमानाची पट्टी एकेक घर वर सरकते. पुढच्या रविवारी गॅरेजवाला सांगतो, "कूलंट बदलून टाकू." स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरमागे हिरव्या, लाल, निळ्या, गुलाबी बाटल्या रांगेत उभ्या असतात आणि दुकानदार विचारतो, "कोणता कलर देऊ?"

प्रश्नच चुकीचा आहे. पण त्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या.

पहिली, तुमच्या बाईकला कूलंट लागतं का? स्प्लेंडर, ॲक्टिव्हा यांना लागत नाही. त्या वाऱ्यावर थंड होतात. गोंधळ होतो तो मधल्या गाड्यांचा. पल्सर २२०, अपाची आरटीआर २०० ४व्ही, पल्सर एन२५० यांच्या पुढच्या बाजूला जाळी दिसते, ती मात्र ऑइल कूलरची. तिच्यातून इंजिन ऑइल फिरतं, कूलंट नव्हे. ओळखायची सोपी खूण म्हणजे खऱ्या रेडिएटरला दाबून फिरवायची कॅप असते आणि कुठेतरी 'अपर' आणि 'लोअर' अशा खुणा असलेली छोटी प्लॅस्टिकची टाकी असते. २००८ साली आलेल्या यामाहा आर१५ने दीडशे सीसीच्या गाडीत रेडिएटर आपल्याकडे रुळवला. २०१२पासून केटीएम ड्यूक आणि पल्सर एनएस२००, पुढे डॉमिनार, अपाची आरआर ३१०, आणि २०२३ अखेरीस हिमालयन ४५० अशी ही यादी वाढत गेली. एरॉक्स १५५सारखी स्कूटरही आता तिच्यात आहे.

दुसरी, गाडी तापते म्हणजे कूलंट खराब झालं, असं नाही. पंख्याचा फ्यूज किंवा रिले गेलेला असतो, टाकीतली पातळी खाली गेलेली असते, कॅपचं रबर कडक झालेलं असतं, किंवा रेडिएटरच्या पात्यांत चिखल आणि बांधकामाची धूळ घट्ट बसलेली असते. दहिसरच्या पट्ट्यात मेट्रोच्या कामांनी काही वर्षं जी धूळ उडवली, ती कुठेतरी जाणारच. वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचा पाइप सरळ रेडिएटरवर धरतो, तेव्हा ही पातळ ॲल्युमिनियमची पाती आडवी पडतात आणि त्यांतून हवा जाणं बंद होतं. हे आधी तपासा. पंखा बंद असेल तर जगातलं सर्वात महाग कूलंटही ट्रॅफिकमध्ये उकळेल.

हे सगळं ठीक असेल आणि कूलंट बदलायची वेळ झाली असेल (बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन ते चार वर्षांच्या दरम्यानचा काळ दिलेला असतो), तर आता बाटलीकडे वळू.

रंगाचं आधी निकालात काढतो. कूलंटचा रंग हा वरून घातलेला रंग असतो. गळती चटकन दिसावी आणि कंपनीचा माल ओळखू यावा, एवढंच त्याचं काम. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असू शकतं आणि दुसरीचं हिरवं अगदी नव्या रसायनाचं. गाडीतून निघालं तेही हिरवं होतं, म्हणून नवं हिरवंच घ्यायचं, हा हिशेब कामाचा नाही.

बाटली फिरवा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे चार गोष्टी शोधायच्या.

आधी, आत मूळ द्रव काय आहे. एथिलीन ग्लायकॉल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल, यांपैकी एक नाव दिसलं पाहिजे. काहीच लिहिलं नसेल, नुसतं 'सुपर कूल' आणि बर्फाचा डोंगर छापलेला असेल, तर बाटली परत ठेवा. त्यासोबत मानकाचा क्रमांक बघा. भारतीय मानक आयएस ५७५९, अमेरिकी एएसटीएम डी ३३०६, जपानी जेआयएस के २२३४, यांतला एखादा असेल तर निदान कंपनीने कशाला तरी बांधून घेतलं आहे.

मग, हे तयार मिश्रण आहे की कॉन्सन्ट्रेट. तयार मिश्रण म्हणजे पाणी आधीच घातलेलं, तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी आपण घालायचं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, किमतीतही कधी कधी फारसा फरक नसतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. तयार मिश्रणात वरून आणखी पाणी घातलं की उरलं ते रंगीत पाणी. काही स्वस्त कॉन्सन्ट्रेटवर 'एकास तीन' असं प्रमाण लिहिलेलं असतं. म्हणजे गाडीत ग्लायकॉल जेमतेम पंचवीस टक्के. ट्रॅक्टरला किंवा जुन्या डिझेल गाडीला ते चालत असेल, पण ज्या बाईकच्या मॅन्युअलमध्ये निम्मं-निम्मं प्रमाण दिलेलं आहे, तिला नको.

तिसरी गोष्ट उणे अंशांची. बाटलीवर उणे ३७, उणे १८ असे आकडे असतात आणि मुंबईकर त्यांच्याकडे बघून हसतो. मुंबईचं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही १९६२ सालच्या जानेवारीतलं. इथे पाणी गोठायचा प्रश्नच नाही. तरीही तो आकडा वाचा, कारण त्यावरून आत ग्लायकॉल किती आहे ते कळतं. एथिलीन ग्लायकॉलच्या तयार मिश्रणावर उणे ३७ म्हणजे जवळपास निम्मं ग्लायकॉल. उणे २४-२५ म्हणजे चाळीस टक्के, उणे १८ म्हणजे सुमारे एकतृतीयांश, आणि उणे १२ म्हणजे फक्त पाव. 'किती टक्के' हे कंपनी लिहो न लिहो, हा आकडा लपत नाही.

याउलट उकळण्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, त्याला फार भुलू नका. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास असतो. बाटलीवर १२५-१३० दिसतं ते रेडिएटरची कॅप जो दाब धरते, त्याच्यासकट. १.१ बारच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. मग कूलंट घालायचंच कशाला? गंज, पंपाचं सील आणि आतले ॲल्युमिनियमचे अरुंद मार्ग यांच्यासाठी. गंजरोधक रसायनं कूलंटमध्ये असतात, पाण्यात नसतात. ग्लायकॉलचं प्रमाण कमी झालं की ही रसायनंही त्याच मानाने पातळ होतात, आणि तीस टक्क्यांच्या खाली ती पुरेशी उरत नाहीत. मुंबईत आपण कूलंट विकत घेतो ते मुख्यतः या रसायनांसाठी, थंडाव्यासाठी नव्हे. निवड करताना हे धरून चाललं की बाकीचं सोपं होतं.

चौथी गोष्ट म्हणजे तीच रसायनं. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी खनिज द्रव्यं असतात. ती धातूवर पटकन थर धरतात, पण लवकर संपतात. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लं वापरतात. ती सावकाश काम करतात आणि जास्त काळ टिकतात. लेबलवर याला 'ओएटी' म्हणतात. दोन्हींचा मेळ घातलेली 'हायब्रिड' कूलंटही मिळतात. बाईकवाल्याने लक्षात ठेवायचं ते सिलिकेट. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट इशारा असतो की सिलिकेट असलेल्या कूलंटमुळे वॉटर पंपाचं सील लवकर झिजू शकतं आणि रेडिएटरचे मार्ग तुंबू शकतात. जपानी कंपन्यांचा कल सिलिकेट टाळून फॉस्फेट वापरण्याकडे. युरोपातल्या कंपन्या याच्या उलट. तिकडचं नळाचं पाणी जड, त्यात फॉस्फेटचा साका बसतो, म्हणून त्यांनी फॉस्फेट टाळलं. जपानी बाईकला 'सिलिकेट-फ्री' लिहिलेलं घ्या. इतर कोणत्याही बाईकला मॅन्युअल सांगेल ते. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच डब्याचे चार पैसे जास्त द्या आणि विषय संपवा. मोटारीचं कूलंट बाईकला चालतं का, असं नेहमी विचारतात. ॲल्युमिनियम इंजिनसाठीचं, एथिलीन ग्लायकॉलचं, सिलिकेटबाबत मॅन्युअलशी जुळणारं असेल तर चालतं. बाटलीवर बाईकचं चित्र असणं ही पात्रता नव्हे.

दोन जातींची कूलंट एकत्र झाली तर काय? गॅरेजमध्ये 'जेली होते' असं सांगतात. काही जोड्यांमध्ये साका धरतोही. पण बहुतेक वेळा नुकसान दिसत नाही. नव्याचं दीर्घायुष्य जातं, एवढंच. म्हणून जात बदलायची असेल तरच पूर्ण फ्लशिंग करा. जुनंही चांगलं, नवंही त्याच जातीचं आणि निघालेलं द्रव स्वच्छ असेल, तर पाण्याने धुवायची गरज नाही. काढा आणि भरा. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आत काय आहे याचा पत्ता नसेल, द्रव गढूळ किंवा तांबूस निघत असेल, कॅपखाली पांढरट खपली धरली असेल, तर मात्र धुवा.

आता पाणी. कूलंटचा निम्मा भाग पाणीच असतो, आणि त्याची निवड कोणी करत नाही.

साधं पाणी ओतायची सवय आपल्याकडे काळ्या-पिवळ्या टॅक्सीने लावली. त्या पद्मिनी गाड्यांच्या डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. लोखंडी ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर, रोज पाणी घाला, चालतंय. त्या पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण सवय राहिली. रेडिएटर धुण्याचा सोडा घालून साफ करायची युक्तीही त्याच काळातली. बाईकमध्ये ती अजिबात करू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो. शिरका, लिंबाचं सत्व वगैरे व्हिडिओंत दाखवतात, त्यांचीही नेहमीच्या बदलीला गरज नसते. तांबूस गाळ खरोखरच बसला असेल तर ॲल्युमिनियमसाठी लिहिलेलं तयार फ्लश घ्या आणि त्यावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका.

महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, मोडकसागर अशा तलावांचं, तसं मऊ. पण त्यात क्लोरीन असतो आणि ॲल्युमिनियमला तो मानवत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर विचारायलाच नको. खाडीच्या बाजूला तर ते चवीलाच कळतं. आरओचं पाणी? बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळतात. घरात टीडीएस मीटर असेल तर बुडवून बघा. तीस-चाळीस आकडा आला तर ते पिण्यासाठी राहू द्या. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी इन्व्हर्टरला घालणारे बरेच आहेत. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात, तेही नको.

हवं ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी, म्हणजे दुकानातलं 'बॅटरी वॉटर'. मागताना 'बॅटरीचं पाणी' एवढंच म्हटलं तर काही ठिकाणी बॅटरीचं ॲसिड हातात पडू शकतं. तशाच पांढऱ्या कॅनमध्ये ते असतं. लेबल वाचा, सील बघा, सुटं घेऊ नका.

आता फ्लशिंगचा हिशेब. इथेच चांगलं कूलंटही वाया जातं, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं असलेलं उत्तम. गरम असताना कॅप उघडली तर आतलं द्रव दाबाने बाहेर येतं आणि तोंड-हात भाजतात. यात 'जरा हळू उघडतो' असं काही नसतं. वॉटर पंपाच्या झाकणावर सर्वात खाली एक बोल्ट असतो, त्याला तांब्याचं वॉशर असतं. कॅप बंद ठेवून बोल्ट काढलात तर द्रव थेंबथेंब येईल. कॅप सैल केली की एकदम पिचकारी सुटते, ती इंजिनपासून बऱ्यापैकी पुढे पडते. तसला लांब रुंद टब ठेवा. छोटी टाकी वेगळी रिकामी करा, तिच्यातलं आपोआप निघत नाही. पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तेही पाहून घ्या. तिथून कूलंटचा ओघळ असेल तर सील गेलं आहे आणि कोणतंही कूलंट ते दुरुस्त करणार नाही.

निघालेलं द्रव मापाच्या भांड्यात मोजा. समजा, मॅन्युअलप्रमाणे इंजिन आणि रेडिएटर मिळून १२०० मिली मावतं आणि निघालं ९००. म्हणजे ३०० मिली इंजिनच्या खोबणींत अडकलं. तुम्ही पाण्याने दोन-तीनदा धुतलं, पाणी स्वच्छ यायला लागलं. आता आत अडकलेलं ते ३०० मिली म्हणजे जवळपास निव्वळ पाणी. त्यावर निम्म्या-निम्म्याचं तयार मिश्रण ९०० मिली ओतलं, तर त्यात ग्लायकॉल ४५० मिली. एकूण १२००मध्ये ४५०, म्हणजे साडेसदतीस टक्के. बाटलीवर उणे ३७ आहे, गाडीत मात्र उणे २०-२२चं मिश्रण फिरतं आहे.

दहिसरहून अंधेरीला नोकरीला जाणाऱ्याला एवढं चालून जाईल. गंजरोधकं थोडी पातळ झाली, पण ग्लायकॉल तीस टक्क्यांच्या वर आहे. मॅन्युअलप्रमाणे निम्मंच हवं असेल, तर फ्लशनंतर तयार मिश्रण घेऊच नका. कॉन्सन्ट्रेट घ्या. बाराशेच्या निम्मे ६०० मिली कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड पाणी. आत अडकलेलं पाणी हिशेबात आपोआप बसतं. म्हणून दुकानात जायच्या आधी ठरवा, नुसतं काढून भरायचं आहे की धुवायचं आहे. पहिल्याला तयार मिश्रण, दुसऱ्याला कॉन्सन्ट्रेट. आणि धुताना शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याचीच असू द्या. नळाच्या पाण्याने शेवट केला तर ते ३०० मिली नळाचं पाणी पुढची तीन वर्षं आतच राहणार.

लडाख, स्पितीला निघणाऱ्यांनी हा हिशेब काटेकोर करावा. सरचू, पांगच्या बाजूला रात्री पारा शून्याखाली जातो. उत्साहाच्या भरात निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरणारेही असतात. ते उलटंच. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठू लागतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. साठ टक्क्यांच्या पुढे जाण्यात फायदा काही नाही.

भरताना घाई नको. कूलंट बारीक धारेने ओता, गाडी हलकेच डावी-उजवीकडे कलवा, रबरी पाइप हाताने दाबत राहा. प्रत्येक दाबाला तोंडाशी बुडबुडे येतात आणि पातळी बोटभर खाली जाते. कॅप उघडी ठेवून इंजिन काही मिनिटं चालू ठेवा, पातळी पडली की भरा, मग कॅप लावा. हवा अडकली असेल तर पट्टी अचानक वर उडते आणि तशीच खाली येते. मेकॅनिक याला 'एअर लॉक' म्हणतो. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर, गाडी गार झाल्यावर, छोट्या टाकीतली पातळी पुन्हा बघा. बहुधा थोडी उतरलेली असते. तेवढ्यासाठी उरलेलं मिश्रण जपून ठेवा.

पाणी अजिबात नसलेल्या कूलंटबद्दल हौशी लोक विचारतात. बिनपाण्याचं कूलंट सहजासहजी उकळत नाही हे खरं, पण आत पाण्याचा अंश चालत नाही, महाग असतं, आणि लेहच्या रस्त्यावर गळालं तर पूर्ण भरायला मिळणार नाही. ऑफिसला जायच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

निघालेलं कूलंट सोसायटीच्या गटारात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. सांडलं तर लगेच फडक्याने टिपून घ्या. इथली गटारं शेवटी दहिसर नदीला मिळतात. तुळशी तलावाकडून निघालेली ती नदी मनोरीच्या खाडीला जाईपर्यंत आधीच पुरेसं सोसते. जुनं द्रव जुन्याच डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला किंवा गॅरेजला द्या. ऑइल जमा करणारे ते घेतात का, हे आधी विचारा, कारण जुन्या ऑइलच्या पिंपात ते ओतलं तर ऑइलही वाया जातं.

उरलेलं नवं मिश्रण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत मात्र आजच बंद करा. हिरवं, गोड, सरबतासारखं दिसणारं द्रव घरातल्या मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही. मूळ डब्यात, झाकण घट्ट, वर पेनने तारीख, कोणती जात आणि किती टक्के मिश्रण ते लिहून, माळ्यावर. तीच नोंद सीटखाली चिकटपट्टीवर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी मेकॅनिक रंग विचारणार नाही.